मुकी यादी

डोळ्यांच्या इस्पितळात तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक माणूस बसायचा. खोलीला खिडकी होती, पण कुणा रंगाऱ्याने तिच्या फटीसुद्धा रंगवून टाकल्या होत्या, त्यामुळे ती कायमची बंद. त्या माणसाला सगळे यादीसाहेब म्हणत. साहेब वगैरे तो काही नव्हता. टायपिस्ट म्हणून लागला. संगणक आले तेव्हा बाकीच्यांनी हात टेकले आणि याने पुस्तकं आणून डेटाबेसला प्रश्न कसे विचारायचे ते आपलं आपण शिकून घेतलं. त्या प्रश्नांना क्वेरी म्हणतात. यादीसाहेब क्वेरी लिहायचा, ती चालवायचा, प्रिंटरमधून कागद निघायचा, आणि त्या कागदावर आपण वरून कितवे यावर माणसांचं दिसणं अवलंबून असायचं.

इस्पितळात साडेपाच वर्षांपूर्वी नेत्रपेढी सुरू झाली. कुणी गेलं आणि घरच्यांनी डोळे दिले, की दोन बुबुळं मिळतात आणि दोन माणसांना बसवता येतात. पण देणारे मूठभर आणि मागणारे पोतंभर. महिन्याला पाच नावं नोंदली जायची आणि बुबुळं यायची तीन. तातडीच्या रुग्णांची सोय वेगळी होती. बाकी सगळे रांगेत.

रांग म्हटली की घुसणारे आलेच, आणि यादीसाहेबाचा जन्म जणू घुसणाऱ्यांना बाहेर काढण्यासाठीच झाला होता. माणूस म्हणजे नियमांचं गाठोडं. घरी डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटावर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांच्या डब्यावरही चिठ्ठी. बायको म्हणायची, "आमच्याकडे मीठसुद्धा सही करून बाहेर येतं." एकदा कुणा बड्या माणसाच्या सचिवाचा फोन आला, अमुक बाईंना जरा वर घ्या म्हणून. यादीसाहेब म्हणाला, "नंबर यादीत आहे. यादी माझ्या हातात नाही." आणि फोन ठेवून दिला. ही गोष्ट इस्पितळात वर्षभर फिरली. त्याला ती फार आवडायची. आपण सांगत नाही असं दाखवून तो ती सगळ्यांना सांगायचा.

आता त्याच्या बहिणीचं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालून शाळेत सोडलं ते ताईनेच. पुढे ती शाळेचे गणवेश शिवायची. तिचा एक डोळा लहानपणापासूनच अधू होता, आणि पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याला काहीतरी लागलं, चिघळलं आणि त्यात फूल पडलं. समोर दूध सांडल्यासारखं पांढरं, एवढंच दिसायचं. महिन्याच्या दोन तारखेला ती शेजारणीचा हात धरून नाव नोंदवायला आली. कागद सगळे होते, ओळखपत्राची प्रत तेवढी नव्हती. वरच्या मजल्यावर झेरॉक्सचं यंत्र होतं. वीस पायऱ्या. यादीसाहेब म्हणाला, "ताई, प्रत घेऊन ये. तुझ्यासाठी वेगळा नियम केला तर उद्या मला तोंड दाखवता येणार नाही." ती परत गेली. मग तिला ताप आला, शेजारीण गावाला गेली, आणि ती पुन्हा आली तेव्हा महिन्याची तीस तारीख होती.

त्यानंतर पाच वर्षं तिचा नंबर आला नाही. शिलाई मशीनवर चादर पडली. आधी ती विचारायची, "काही हललं का रे?" तो सांगायचा, "येईल तेव्हा येईल, ताई. यादी कुणाच्या बापाची नाही." मग तिने विचारणंच सोडलं. नातेवाइकांत बोलणी व्हायची, की सख्खा भाऊ तिथे बसलाय आणि बहीण चाचपडतेय. ते ऐकून यादीसाहेबाची छाती दोन इंच फुगायची. माणसाला आपल्या चांगुलपणाची अशी चटक लागली, की दुसऱ्याचे हाल त्यातच खपून जातात. वाईट वाटतं, पण ते असं होतं.

यादीला इस्पितळात मुकी यादी म्हणत, आणि ती कल्पना त्याचीच. सुरुवातीला यादीवर नाव आणि नोंदणीची तारीख छापलेली असायची. यंत्र तारीख आपल्या पद्धतीने द्यायचं, आधी साल, मग महिना, मग दिवस. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "लोकांना कळेल अशी छापा हो, आधी दिवस." यादीसाहेबाने क्वेरीत एक ओळ बदलून तारखेचं रूपांतर करून टाकलं. कागद छान दिसू लागला. मग तारखांवरून भांडणं झाली, नावं बघून वशिले लागले, तेव्हा त्याने नाव काढलं, तारीखही काढली आणि केसपेपरचा नंबर तेवढा ठेवला. केसपेपर कुणाचा वीस वर्षांपूर्वीचा, कुणाचा कालचा. त्यावरून कोण आधी, कोण नंतर ते कुणालाच कळू नये. कळलं नाही तर ढवळाढवळ कोण करणार? सगळ्यांनी वाखाणलं. इतर पेढ्यांची माणसं बघायला आली.

दर बुधवारी चौकशीचा दिवस. जिन्यासमोरच्या लांब बाकावर वर्षानुवर्षं थांबलेली माणसं येऊन बसायची. कुणाला सून आणून सोडायची, कुणी काठी टेकत एकटाच. त्यांत एक निवृत्त बस कंडक्टर होता. दोन्ही डोळे गेलेले, पण डोक्यात आकडे असे बसलेले, की कुणाचा केसपेपर हरवला तर यालाच विचारावं. त्या बुधवारी तो काठीने दार ठोठावून खोलीत आला.

"साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"बाकावर वेळ जात नाही, म्हणून आम्ही एकमेकांना विचारत बसलो, कुणी कधी नाव घातलं. तेरा जणं आहोत. कुणी बावीस, कुणी सत्तावीस, कुणी एकोणतीस. पंधरा तारखेच्या आतलं एकही माणूस नाही हो. आमचा सगळ्यांचा महिनाअखेरच कसा खराब?"

"योगायोग असतो, मास्तर."

"असेल," कंडक्टर म्हणाला. "पण तेरा तिकिटं फाडली आणि सगळी एकाच स्टॉपची निघाली, तर मी तरी मशीन बघितलं असतं."

यादीसाहेब हसला. कंडक्टर गेल्यावर, याच्या मनाचं समाधान करून टाकू, म्हणून त्याने क्वेरी उघडली आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला तारखेसकट चालवलं.

वरच्या ओळी आल्या. चार तारीख, याच महिन्याची. सहा, याच महिन्याची. नऊ. मग चौदा, गेल्या महिन्याची. मग सोळा, सतरा, अठरा, आणि त्यात यंदाची, गेल्या वर्षीची, तीन वर्षांपूर्वीची अशी सगळी सरमिसळ. तो खाली खाली जात राहिला. अगदी तळाशी तीस आणि एकतीस, आणि त्यांत साडेपाच वर्षांपूर्वीची माणसं.

त्याने क्वेरीची एकेक ओळ पुन्हा वाचून काढली.

झालं होतं ते इतकं साधं होतं, की सांगताना लाज वाटावी. तारीख यंत्राच्या पोटात तारीख म्हणून असते, तोवर आधीची कुठली आणि नंतरची कुठली हे त्याला कळतं. छापण्यासाठी तिचं रूपांतर केलं, की ती नुसती अक्षरांची ओळ उरते. मग यंत्र ती डावीकडून वाचतं, शब्दकोशात शब्द लावावेत तशी. डावीकडे दिवस. म्हणजे यंदाची चार तारीख पाच वर्षांपूर्वीच्या तीस तारखेच्या आधी. मूळ रकान्याचं नाव होतं 'नोंदणी'. रूपांतर केलेल्या नव्या रकान्यालाही यादीसाहेबाने तेच नाव दिलं, कारण कागदावरचा मथळा नीटनेटका हवा होता. आणि शेवटच्या ओळीत हुकूम होता: नोंदणीप्रमाणे लाव. यंत्राने नवी नोंदणी धरली. पुढे छपाईतून तारीख गेली, पण क्वेरी आतून तशीच राहिली.

महिन्याच्या सुरुवातीला आलेल्याला पंधरा दिवसांत बोलावणं जायचं. लवकर बोलावलं म्हणून तक्रार करायला कोण येतो? तो डोळा घेऊन घरी जातो. मोठ्या बाईंना, म्हणजे आताच्या प्रमुख डॉक्टरांना, वाटायचं की जुने लोक बाहेर कुठे करून घेत असतील. आणि महिनाअखेरचे बाकावर बसून राहिले. एकशे एकतीस माणसं.

ताईचा हिशेब त्याने वेगळा मांडला. बरोबर यादीत तिला चार महिन्यांत बोलावणं गेलं असतं. आणि त्या दोन तारखेला तो वीस पायऱ्या चढला असता, तर त्याच्या चुकीच्या यादीतही पंधरा दिवसांत.

पुढचे पाच दिवस तो कुणाला काही बोलला नाही. चुकीची दुरुस्ती म्हणजे एका शब्दाचं काम, ते त्याने त्याच दुपारी केलं. पण तोंड उघडणं ही दुरुस्ती काही जमेना. रोज ठरवायचा, रोज जिन्यापर्यंत जायचा आणि पाणी पिऊन परत यायचा. बायकोने विचारलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?" तर तो तिच्यावरच खेकसला. मी इथे त्याची बाजू घेणार नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर यादीसाहेबाने त्याची सालटी काढली असती.

मंगळवारी सकाळी मोठ्या बाईंचा निरोप आला. दोन बुबुळं आली होती. उद्या सकाळी शस्त्रक्रिया, यादी हवी.

त्याने दुरुस्त केलेली क्वेरी चालवली आणि पहिल्या नंबरच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. म्हणाली, "मामंजी जाऊन दोन वर्षं झाली." मग जरा थांबून, "नंबर आला का त्यांचा?" तो हो म्हणाला. तिने फोन ठेवला नाही. शेवटी त्यानेच ठेवला. दुसऱ्या नंबरच्या माणसाने दूरच्या शहरात करून घेतलं होतं, तो जे बोलला ते छापण्यासारखं नाही. तिसरा नंबर ताईचा होता. चौथा एका धोबिणीचा.

कागद घेऊन तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण बाहेर कुणाला पटेल? आजपासून यादी बरोबर चालू द्या. गाजावाजा नको. आणि हे बघा, पाच वर्षांत यादी पहिल्यांदा बदलते आणि पहिला डोळा तुमच्या बहिणीला? लोक आपल्या तोंडाला काळं फासतील. त्यांना ही एक फेरी थांबवा. पुढच्या महिन्यात घेऊ."

यादीसाहेब मान हलवून बाहेर आला. जिना उतरताना त्याला जाणवलं, की आपल्याला हायसं वाटतंय. पाच दिवसांत पहिल्यांदा. आपलं नाव वाचतंय म्हणून हायसं वाटतंय. तो मधल्या पायरीवरच थांबला आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर एक खोली. ताई जमिनीवर बसून कुणाच्या तरी जुन्या कुडत्याची शिवण उसवत होती, बोटांनी टाका चाचपायचा आणि ब्लेडची कड बरोबर त्याखाली घालायची. पावलांवरून तिने ओळखलं.

"आज वाट वाकडी केलीस?"

त्याने सांगितलं. तारीख, अक्षरं, एकाच नावाचे दोन रकाने, एकशे एकतीस माणसं. एकदा सांगून तिला कळलं नाही, तेव्हा पुन्हा सांगितलं. मग सांगितलं, की उद्या तिचा नंबर आहे, पण बाई म्हणतात थांबा.

ताईने ब्लेड कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"म्हणजे चार महिन्यांत झालं असतं."

"हो."

"बाकीचे? वारलं का कुणी वाट बघता बघता?"

"एकाचं कळलंय. बाकीच्यांना फोन करायचेत."

तिने मांडीवरचा कुडता घडी करून बाजूला ठेवला.

"लोक मला म्हणायचे, भावाला सांग," ताई म्हणाली. "मी म्हणायचे, तो लबाडी करणार नाही. पाच वर्षं मी ते अभिमानानं सांगितलं. अरे, तू येईल त्याच्यावर संशय घ्यायचास. सचिवावर, डॉक्टरांवर, माझ्यावर. मी ओळखपत्राची प्रत आणली नव्हती, तर मलाही परत पाठवलंस. एकदा, एकदा तरी स्वतःवर घ्यायचास की रे संशय!"

"चुकलं, ताई."

"चुकलंच. शंभर वेळा चुकलं." तिचा आवाज फाटला. "आणि आता थांबू म्हणतोस? कशासाठी? तुला कुणी बोलू नये म्हणून?"

"मी नाही म्हणत, बाई म्हणतात..."

"बाई म्हणतात आणि तू निरोप घेऊन आलास. पाय झडले नाहीत तुझे जिना चढताना?" तिने हात पुढे करून चाचपडत त्याचा दंड पकडला. लहानपणी चोरी पकडल्यावर धरायची तसा घट्ट. "मी कुणाच्या पुढे घुसत नाहीये. माझी तारीख आहे, माझा नंबर आहे. तुझी अब्रू सांभाळायला मी आता एक दिवससुद्धा जास्त अंधारात बसणार नाही. लोक बोलतील ते तू ऐक. किती वाजता यायचं?"

"आठ. उपाशीपोटी."

"न्यायला ये," ती म्हणाली आणि दंड सोडला.

तिच्या दारातूनच त्याने मोठ्या बाईंना फोन केला. यादी आहे तशीच राहील, म्हणाला, आणि उद्या बाकावर मी सगळ्यांना सांगणार आहे. बाई म्हणाल्या, "चौकशी बसेल तुमच्यावर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, विचार करा." तो म्हणाला, "बसू दे, बाई." बहाद्दर वगैरे तो मुळीच नव्हता. पण दंड अजून दुखत होता.

बुधवारी आठ वाजता त्याने ताईला आत सोडलं. धोबीण आधीच आली होती. दहाच्या सुमारास बाक भरला, तेव्हा तो तारखांसकट छापलेली यादी घेऊन बाहेर आला आणि उभ्याउभ्या बोलू लागला. तारीख म्हणजे काय नि अक्षरं म्हणजे काय, हे सांगताना तो दोनदा अडखळला. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय?" शेजारीण म्हणाली, "आपण पुढे होतो म्हणे. त्यांनी मागे ढकललं."

"मी ढकललं," यादीसाहेब म्हणाला. "चुकून. पण मीच."

कंडक्टरने काठीवर हनुवटी टेकवली होती. "मग आता यादी सरळ झाली?"

"झाली."

"आज दोघांना आत घेतलंय म्हणतात. कोण कोण?"

"एक धोबीण आहेत." त्याला वाटलं होतं, की पुढचं वाक्य सोपं जाईल. "आणि माझी बहीण."

टोकाला बसलेला एकजण हसला आणि ते हसणं बाकावरून इकडून तिकडे गेलं. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. म्हातारी म्हणाली, "बाई गं!" यादीसाहेबाने घाईघाईने कागद पुढे केला. "तारीख बघा ना, तीस तारीख आहे, पाच वर्षांपूर्वीची. सगळं छापलंय इथे." कंडक्टरला घेऊन आलेल्या त्याच्या सुनेने कागद हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "आहे मामंजी. तीस तारीखच लिहिलीय."

"लिहिलीय," कंडक्टर म्हणाला. "पण कागद कुणी छापला?"

जो यादीसाहेब सचिवाला उत्तर देऊ शकला, बड्या माणसांना देऊ शकला, तो या तेरा माणसांसमोर नुसता उभा राहिला. त्यांनी भरवसा ठेवावा असं त्याच्यापाशी काही म्हणजे काहीच नव्हतं. होता तो त्याचा शब्द, आणि तो तर त्यांनी पाच वर्षं मानलाच होता. त्याचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसलं नाही, सून सोडून.

"बसा," कंडक्टर शेवटी म्हणाला आणि बाकावर जरासा सरकला. "इथे बसा आणि वाचा. पहिल्यापासून, नाव, तारीख, सगळं. आम्ही तेरा जण आपापली तारीख विसरलेलो नाही. एक जरी इकडची तिकडे निघाली, तर कळेल आम्हाला."

यादीसाहेब त्यांच्यात बसला. कागद नीट धरायला त्याला दोन्ही हात लागले. त्याने पहिली तारीख वाचली, पहिलं नाव वाचलं आणि मग म्हणाला, "हे गेले."

"पुढे," कंडक्टर म्हणाला.